प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या दातांची जबाबदारी कुणाची?

– प्रतिनिधी

अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत सरकारी तपासणीचे छत्र असते. त्यानंतर ते काढून घेतले जाते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे मौखिक आरोग्य आणि आहार हा विषय ना आरोग्य खात्याच्या अग्रक्रमावर आहे, ना दिव्यांग कल्याणाच्या. तोंडातील दुखण्याचा थेट परिणाम ताटातील अन्नावर आणि पर्यायाने आयुष्यावर होत असताना ही उपेक्षा परवडणारी नाही.

जागतिक मौखिक आरोग्य दिन २० मार्च रोजी पाळला जातो आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, जागतिक डाऊन सिंड्रोम दिन असतो. दिनदर्शिकेत हे दोन दिवस एकमेकांना लागून आहेत. पहिल्या दिवशी शाळाशाळांतून दात घासण्याची प्रात्यक्षिके होतात, टूथपेस्टच्या नळ्या वाटल्या जातात. दुसऱ्या दिवशी विशेष शाळांमध्ये मुलांचे कार्यक्रम होतात, मान्यवरांची भाषणे होतात. मात्र या दोन्ही दिवसांच्या कार्यक्रमांत तिशी-चाळिशीतील बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या तोंडात डोकावून पाहणारे क्वचितच कुणी असते. दंतआरोग्याच्या मोहिमा शाळकरी मुलांसाठी आखल्या जातात आणि दिव्यांगांच्या मोहिमा प्रमाणपत्र, उपकरणे व अनुदान यांच्यापुरत्या राहतात. दोहोंच्या मधल्या फटीत सापडलेला वर्ग लहान नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. त्यांपैकी बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती सुमारे १५ लाख आणि त्यातील महाराष्ट्रातील व्यक्ती सुमारे १ लाख ६० हजार होत्या. सौम्य स्वरूपाची अक्षमता अनेकदा नोंदलीच जात नाही आणि काही कुटुंबे ती सांगणे टाळतात, हे लक्षात घेता प्रत्यक्षातील संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे.

त्यातच आता या व्यक्ती पूर्वीपेक्षा दीर्घायुषी झाल्या आहेत. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान १९८३ च्या सुमारास २५ वर्षे होते. आज ते ६० च्या आसपास पोहोचले आहे. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि कुटुंबात होणारे संगोपन यांचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्याकडेही पन्नाशी ओलांडलेली मुले आणि ऐंशीच्या घरातील आईवडील असे चित्र आता अपवादात्मक राहिलेले नाही. आयुष्याची वर्षे वाढली. परंतु त्या वर्षांत चावून खाण्यासाठी तोंडात दात असतील का, याचा विचार मात्र झालेला नाही.

अठराव्या वर्षी तुटणारी साखळी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांची तपासणी हा या कार्यक्रमाचा गाभा. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळांतील मुलांची एकदा तपासणी त्यात अपेक्षित आहे. ज्या आजारांचा शोध घ्यायचा, त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे, विकासातील विलंब आहे आणि दातांचे विकारही आहेत. पुढील उपचारांसाठीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या रचनेत दंतवैद्याचे पदही धरलेले आहे. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या दातांची दखल घेणारी यंत्रणा म्हणून एवढी व्यवस्था निदान कागदावर तरी परिपूर्ण म्हणता येईल.

अठरावा वाढदिवस झाला की ही व्यवस्था संपते. विशेष शाळा सुटते. ज्यांना शक्य आहे ते प्रौढांच्या कर्मशाळेत जातात, अनेक जण घरीच बसतात. बालदंतवैद्य म्हणतो, आता हा मोठा झाला. मोठ्यांचा दंतवैद्य म्हणतो, याला सांभाळणे आपल्याला जमणार नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे आणि २०२४ मध्ये पद्मश्रीने गौरविले गेलेले शंकरबाबा पापळकर अनेक वर्षे एकच प्रश्न विचारत आले आहेत : अठरा वर्षांनंतर या मुलांनी जायचे कुठे? निवाऱ्याच्या संदर्भात विचारला गेलेला हा प्रश्न आरोग्यसेवेच्या बाबतीतही तितकाच लागू पडतो.

अठरा वर्षांनंतर आणखी एक अडचण उभी राहते ती संमतीची. सज्ञान व्यक्तीवर भूल देऊन उपचार करायचे तर संमतिपत्रावर सही कुणाची, असा प्रश्न रुग्णालये उपस्थित करतात. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती सज्ञान बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. आईवडिलांनाही यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो, याची कल्पना अनेक कुटुंबांना नसते. दाढ दुखू लागल्यावर कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू करण्याची वेळ येते आणि तोवर तीव्र वेदना सुरू झालेल्या असतात.

दुखते, पण सांगता येत नाही

या व्यक्तींच्या तोंडात नेमके काय घडते, याविषयीही गैरसमज आहेत. बौद्धिक दिव्यांगांचे दात अधिक किडतात, असा सर्वसाधारण समज आहे. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये घेण्यात आला, तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. दात किडण्याचे त्यांचे प्रमाण इतरांइतकेच, काही ठिकाणी कमीही होते. मात्र किडलेल्या दातांवर उपचार न होण्याचे प्रमाण अधिक होते. तोंडाची स्वच्छता कमी आणि हिरड्यांचे आजार जास्त, हेही त्यातून स्पष्ट झाले. फरक दातांच्या जातीत नसून त्यांना मिळणाऱ्या सेवेत आहे, असा याचा अर्थ. दात भरून वाचवण्याऐवजी तो काढून टाकण्याकडे कल असतो. कवळी बसवली तरी ती तोंडात ठेवणे अनेकांना जमत नाही. परिणामी गेलेला दात कायमचाच जातो.

डाऊन सिंड्रोममध्ये रोगप्रतिकार यंत्रणेतील फरकांमुळे हिरड्यांचा आजार लवकर सुरू होतो आणि वेगाने वाढतो. कीड नसलेले दातही हलू लागतात आणि पडतात. अपस्मारासाठी दीर्घकाळ फेनिटॉइन घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. वर्तनाच्या समस्यांसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि लाळेचे नैसर्गिक संरक्षण जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांमध्ये अन्न गालात साठून राहते, गिळण्यास त्रास होतो. पोटातील आम्ल वारंवार वर येत असल्यास दातांचे आवरण झिजते. दात खाण्याच्या सवयीने दाढा सपाट होतात. रात्री झोपताना दिले जाणारे गोड पातळ औषधही यात भर घालते.

या सर्वांहून गंभीर बाब म्हणजे वेदना शब्दांत सांगता न येणे. दाढ ठणकत असलेला माणूस ते सांगू शकत नसेल तर तो जेवण नाकारतो, एकाच बाजूने चावतो, गालावर चापट्या मारून घेतो, डोके आपटतो, रात्र रात्र जागतो किंवा जवळच्या माणसावर हात उगारतो. घरातील मंडळी याला हट्ट समजतात, संस्थेत याची नोंद 'वर्तन बिघडले' अशी होते आणि मानसोपचाराच्या गोळीची मात्रा वाढवली जाते. त्या गोळीने तोंड आणखी कोरडे पडते. प्रत्येक नवे लक्षण मूळ अपंगत्वाच्याच खाती जमा करण्याची ही सवय डॉक्टरांमध्येही आढळते. वर्तनात अचानक बदल झाला की सर्वप्रथम तोंड, कान आणि पोट तपासावे, हा साधा नियम पाळला गेला तरी कित्येकांच्या यातना टळतील.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांच्या आरोग्याविषयी अहवाल प्रसिद्ध केला. दमा, नैराश्य, मधुमेह, पक्षाघात, स्थूलता आणि मौखिक अनारोग्य यांचा धोका दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या दुप्पट असतो आणि त्यांच्यापैकी काहींचे आयुष्य २० वर्षांपर्यंत कमी होते, असे त्यात म्हटले आहे. यातील बराचसा फरक टाळता येण्याजोगा आहे, यावर अहवालाचा विशेष भर आहे.

तोंड आणि ताट

दंतआरोग्य आणि आहार हे दोन स्वतंत्र विषय मानण्याची आपली पद्धत आहे. बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. दाढा गेल्या की भाकरी, उसळ, काकडी, पेरू, भाजलेले दाणे ताटातून एकेक करून बाहेर पडतात. त्यांच्या जागी येतात मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटे, दुधात भिजवलेला पाव, शिरा आणि केळे. खायला सोपे, भरवायला त्याहून सोपे. परंतु या आहारात प्रथिने आणि तंतू कमी, पिष्ट आणि साखर जास्त. बद्धकोष्ठता वाढते, काहींचे वजन भरमसाट वाढते. गिळण्याचा त्रास असलेल्यांचे वजन उलट घटत जाते. चिकट पिष्टमय अन्न उरलेल्या दातांना चिकटून राहते आणि त्यांचीही वाट लागते. दात नाहीत म्हणून मऊ आणि गोड, मऊ आणि गोड म्हणून दात नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे.

अस्वच्छ तोंडाचा आणखी एक धोका फुप्फुसांना असतो. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या व्यक्तीच्या श्वासनलिकेत अन्नाचे कण आणि लाळ उतरते. त्यासोबत तोंडातील जंतू गेले की न्यूमोनिया होतो. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेल्या आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या वृद्धांच्या तोंडाची नियमित स्वच्छता काळजीवाहकांकडून केली गेली त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. हा अभ्यास वृद्धांवरील असला तरी गिळण्याचा त्रास असलेल्या दिव्यांगांच्या काळजीलाही तो दिशा देतो. जेवणानंतर गालात साठलेले अन्न काढणे हा औषधोपचाराइतकाच महत्त्वाचा भाग आहे, एवढे तरी यातून घ्यायला हरकत नाही.

मऊ अन्न म्हणजे गोड अन्नच, हे समीकरण मोडणे आपल्या स्वयंपाकघरात अवघड नाही. भाज्या घालून सैलसर केलेली मुगाची खिचडी, पिठले, नाचणीचे आंबील, घट्ट वरण, दही, मऊ घावन, उकडून कुस्करलेले अंडे, वाफवलेल्या भाजीचा लगदा हे सर्व मऊ आहे, पौष्टिक आहे आणि दातांना घातकही नाही. प्रश्न पदार्थांच्या उपलब्धतेचा नसून भरवणाऱ्याच्या हाताशी असलेल्या वेळेचा आणि माहितीचा आहे. एका काळजीवाहकाकडे अनेक जणांना भरवण्याचे काम असेल तर बिस्किटाचा पुडा जवळचा वाटणारच.

व्हिपेहोल्मचे ऋण

गोड खाण्याने दात किडतात, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. हे ज्ञान जगाला कोणाच्या दातांच्या मोलाने मिळाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. स्वीडनमधील लुंड शहरात व्हिपेहोल्म नावाची बौद्धिक दिव्यांगांची मोठी संस्था होती. दंतक्षयाचे कारण शोधण्यासाठी स्वीडिश सरकारच्या पुढाकाराने १९४५ पासून तेथे प्रयोग सुरू झाले. काही रहिवाशांना जेवणाबरोबर साखर देण्यात आली, काहींना गोड पाव, तर काहींना दोन जेवणांच्या मधल्या वेळात मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफी खाऊ घालण्यात आल्या. या टॉफी पुरवण्यात मिठाई उद्योगाचा सहभाग होता. रहिवाशांची संमती घेण्यात आली नव्हती. अनेकांच्या दातांची अपरिमित हानी झाली.

१९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर किती खाल्ली, यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट स्वरूपात खाल्ली, याला महत्त्व असल्याचे सिद्ध झाले. जेवणासोबत घेतलेली साखर तुलनेने कमी घातक आणि मधल्या वेळी चघळलेली चिकट मिठाई सर्वांत घातक ठरली. या निष्कर्षांच्या आधारे स्वीडनमध्ये मुलांना रोज गोड देण्याऐवजी आठवड्यातून एकदा, शनिवारी द्यावे, असा प्रचार झाला. 'शनिवारची मिठाई' ही तेथील घराघरांतील प्रथा बनली. साऱ्या जगाची दंतआरोग्यविषयक शिकवण या संशोधनावर उभी आहे. ज्यांच्या दातांची किंमत देऊन हे शिकलो, त्या वर्गापर्यंत त्याचा लाभ मात्र सर्वांत शेवटी पोहोचतो आहे, किंबहुना अद्याप पोहोचलेलाच नाही.

व्हिपेहोल्मचा धडा महाराष्ट्रातील संस्थांच्या दिनक्रमाशी ताडून पाहण्यासारखा आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस अशा निमित्तांनी दिव्यांगांच्या वसतिगृहात गोडधोड वाटण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्यामागील भावना निर्मळ असते. परंतु देणारा वर्षातून एकदाच येत असला, तरी खाणारा तोच असतो. कधी केक, कधी जिलेबी, कधी चॉकलेट. बहुधा दुपारी चार-पाचच्या सुमारास, म्हणजे नेमके दोन जेवणांच्या मध्ये. त्यातच कर्मशाळेत काम नीट केले की बक्षीस म्हणून गोळी, रुग्णालयात रडला नाही म्हणून गोळी, रस्ता नीट ओलांडला म्हणून गोळी. शिकवण्याची ही पद्धत विशेष शिक्षणात रूढ झाली आहे. बक्षीस म्हणून आवडते गाणे, फेरफटका, रंगीत चिकटचित्र किंवा पाठीवर थाप चालू शकते, याचा विचार व्हायला हवा.

याचा अर्थ गोड पूर्ण बंद करावे, असा मात्र नाही. प्रौढ माणसाला आपल्या आवडीचे खाण्याचा अधिकार आहे. ज्याच्या आयुष्यात निवडीच्या संधी मुळातच थोड्या, त्याच्या हातची जिलेबीही आरोग्याच्या नावाखाली काढून घेणे हा दुसरा अन्याय ठरेल. जिलेबी दुपारच्या जेवणात वाढावी, चार वाजता वेगळी देऊ नये. खाल्ल्यावर पाणी प्यायला लावावे. आणि दात्यांना गोडाऐवजी फळे, अंडी, टूथब्रश किंवा वर्षभराच्या दंततपासणीचा खर्च देण्याचा पर्याय सुचवावा, एवढे पथ्य पुरेसे आहे. मधुमेह असलेल्यांसाठी वैद्यकीय सल्ला अर्थातच वेगळा असेल.

कायद्यात आहे, दवाखान्यात नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम २५ नुसार शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणांनी दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, जवळच्या जवळ मोफत आरोग्यसेवा पुरवायची आहे. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा शासन ठरवू शकते. सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य, हेही याच कलमात आहे. दंतोपचार यातून वगळलेले नाहीत. तरीही 'अडथळाविरहित' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे उतारमार्ग आणि लिफ्ट एवढाच घेतला जातो. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी गर्दीतील दोन तासांची प्रतीक्षा, डोळ्यांवर येणारा प्रखर दिवा, यंत्राचा कर्कश आवाज आणि घाईत असलेला डॉक्टर हे अडथळे जिन्याहून मोठे असतात.

खर्चाची बाजू तितकीच बिकट आहे. सर्वसाधारण आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय लागू होत नाही आणि दातांचे बहुतेक उपचार बाह्यरुग्ण विभागात होतात. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना याला अपवाद म्हणावी लागेल. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच्या या योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पूर्वतपासणीची अट नाही आणि बाह्यरुग्ण उपचारांबरोबर प्रतिबंधात्मक दंतोपचारांचाही समावेश आहे. मात्र दातांसाठीची तरतूद तुटपुंजी असून आधी खिशातून खर्च करून नंतर परतावा मागण्याची पद्धत गरीब कुटुंबांच्या पचनी पडत नाही. भूल देऊन एकाच बैठकीत अनेक दातांवर उपचार करायचे झाल्यास खासगी रुग्णालयातील खर्च या मर्यादेत बसणे कठीण.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. २०२५ मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. परंतु एका दाढेचे मूळ साफ करून तिच्यावर टोपी बसवायची, तर खासगी दवाखान्यात हे महिन्याचे अनुदान अपुरे पडते. अनुदानाने अन्नाचा प्रश्न काही अंशी हलका होईल. सेवेची उणीव मात्र अनुदानाने भरून निघत नाही.

दंतवैद्यांची तयारी

महाराष्ट्रात तीसहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत. दरवर्षी शेकडो दंतवैद्य पदवी घेऊन बाहेर पडतात. विशेष गरजा असलेल्या रुग्णांवरील उपचारांचा भाग त्यांना प्रामुख्याने बालदंतशास्त्रात शिकवला जातो. म्हणजे अभ्यासक्रमातही दिव्यांग व्यक्ती मूल म्हणूनच भेटते, प्रौढ म्हणून नाही. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये विशेष काळजी दंतवैद्यक या शाखेला स्वतंत्र मान्यता मिळाली. अमेरिकेत २०१९ मध्ये दंतमहाविद्यालयांच्या निकषांत बदल करून, विशेष गरजा असलेल्या रुग्णांवरील उपचारांचे कौशल्य पदवीसाठी आवश्यक करण्यात आले. आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमात अशी स्वतंत्र शाखा नाही. दंतशिक्षणाच्या नियमनासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. अभ्यासक्रमाची नव्याने मांडणी होताना या विषयाला जागा मिळते का, हे पाहावे लागेल.

यंत्रसामग्रीअभावी काहीच करता येत नाही, हा युक्तिवादही आता टिकणारा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयनोमर सिमेंट यांचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे थेंब किडलेल्या भागावर लावले की कीड थांबण्यास मदत होते. दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. दात काळा पडतो, हा त्याचा दोष. परंतु मागच्या दाढेवरील काळा डाग आणि दाढ उपटणे यांत निवड करायची तर उत्तर अवघड नाही. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयनोमरने खड्डा भरण्याची पद्धतही विजेशिवाय, कर्मशाळेच्या साध्या खुर्चीवर वापरता येते.

जगातील स्पर्धांच्या मैदानावर याची सुरुवात तीन दशकांपूर्वीच झाली. बोस्टनचे बालदंतवैद्य डॉ. स्टीव्हन पर्लमन यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये खेळाडूंची दंततपासणी सुरू झाली. बौद्धिक दिव्यांग प्रौढ रुग्णांना हाताळताना दंतवैद्यांचीच भीती कमी होते, हा या उपक्रमाचा मोठा लाभ मानला जातो. मात्र मैदानापर्यंत पोहोचणारे खेळाडू थोडे आणि घरी राहणारे अनेक, ही मर्यादा तेथेही आहेच.

काय करता येईल?

पहिली गरज आहे ती रोजच्या दात घासण्याला काळजीच्या कामात स्थान देण्याची. आंघोळ आणि जेवण यांची नोंद संस्थेत होते. दात घासल्याची होत नाही. दिवसातून दोनदा, फ्लोराइडयुक्त पेस्टने आणि गरज असल्यास दुसऱ्याच्या मदतीने दात घासले जावेत. व्यक्तीला खुर्चीवर बसवून मागे उभे राहायचे, डोके आपल्या अंगाला टेकवायचे आणि हिरड्यांच्या कडेने हलक्या हाताने ब्रश फिरवायचा, ही पद्धत शिकायला अर्धा तास पुरतो. ब्रशची दांडी हातात मावत नसेल तर सायकलच्या मुठीचे रबर चढवले की पकड जमते. चूळ भरता न येणाऱ्यांसाठी पेस्ट अगदी थोडी घ्यावी. काही घरांत आजही दात घासायला मिश्री दिली जाते. मिश्री म्हणजे जाळलेला तंबाखूच. तिने दात स्वच्छ होतात, हा भ्रम सोडला पाहिजे. काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाचा परिणाम तपासणाऱ्या २०१९ मधील कॉक्रेन आढाव्याने प्रशिक्षणाने ज्ञान वाढते हे मान्य केले. परंतु त्याचा दातांवरील परिणाम सिद्ध करणारा पुरावा अद्याप कमकुवत असल्याचेही सांगितले. एकदाच व्याख्यान देऊन थांबता येणार नाही, रोजची देखरेख लागेल, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

दुसरी गरज तपासणीची. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून राबवला जात आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या दंतविभागांत महिन्यातील एक ठरावीक दिवस, कमी गर्दीच्या वेळी, प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी राखून ठेवण्यास नव्या इमारतीची गरज नाही. पहिल्या भेटीत केवळ खुर्चीवर बसायचे, दुसऱ्या भेटीत तोंड उघडायचे, तिसऱ्या भेटीत उपचार, अशा पायऱ्यांनी गेल्यास अनेकांना भुलेची गरजच उरत नाही. ज्यांना ती लागेल त्यांच्यासाठी शासकीय आणि महापालिका दंतमहाविद्यालयांत भूलतज्ज्ञासह ठरावीक दिवस असायला हवा. दंतमहाविद्यालयांतील आंतरवासितांना काही दिवस कर्मशाळा आणि वसतिगृहांत पाठवले, तर संस्थांना सेवा आणि भावी दंतवैद्यांना अनुभव दोन्ही मिळेल.

तिसरा मुद्दा निधीचा. राज्यात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करणे अपेक्षित आहे. ही रक्कम बहुधा मार्चअखेरीस साहित्यवाटप किंवा थेट मदत म्हणून संपवली जाते. तिचा काही भाग दंतोपचार, फिरते दंतपथक आणि संस्थांच्या आहारतज्ज्ञांसाठी राखून ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही. अनुदानित कर्मशाळा आणि वसतिगृहांच्या वार्षिक तपासणीत इमारत आणि हजेरीपटाबरोबर रहिवाशांची दंततपासणी, वजनाची नोंद आणि आठवड्याचा आहारतक्ता पाहण्याची सूचना दिव्यांग कल्याण आयुक्तालय एका परिपत्रकाने देऊ शकते.

चौथी बाब आकडेवारीची. राज्यातील किती बौद्धिक दिव्यांग प्रौढांना गेल्या वर्षी दंतवैद्याने तपासले, या प्रश्नाचे उत्तर शासनाच्या कोणत्याही एका दप्तरात सापडत नाही. वैश्विक ओळखपत्रामुळे दिव्यांगांची नोंदणी झाली. त्या क्रमांकाशी आरोग्यतपासणीची नोंद जोडली गेली तर कोण सुटले, हे तरी कळेल. मोजले जात नाही त्यासाठी तरतूद होत नाही, हा प्रशासनाचा अनुभव आहे.

या सर्व उपायांसाठी लागणारा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तुलनेत नगण्य आहे. दोन विभागांनी एकत्र बसून आखणी करण्याची इच्छा मात्र हवी. आरोग्य विभागाच्या लेखी हा दिव्यांगांचा विषय आणि दिव्यांग कल्याण विभागाच्या लेखी हा आरोग्याचा, अशी टोलवाटोलवी चालू राहिली तर दाढदुखीला आवाज नसलेली माणसे निमूटपणे जेवणाचे ताट बाजूला सारत राहतील. सांभाळणारे आईवडील थकत चालले आहेत. त्यांच्या पश्चात या मुलांना कोण भरवील, ही त्यांची सर्वांत मोठी चिंता असते. भरवलेला घास चावता यावा, एवढी हमी तरी शासनाने त्यांच्या हयातीत द्यायला हवी.